टॉवरकाकांना विचारा : पोरगी एकटी वर असताना

गेल्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेलो होतो. विमानतळाच्या टॉवरमध्ये बसलेल्याचा घाम मोठी विमानं काढत नाहीत, सोलो म्हणजे सरांशिवाय एकटं उडणारं पोरगं काढतं, असं ते वाक्य. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घेताच आला नाही. एकतीस वर्षं एअर ट्रॅफिक कंट्रोलमध्ये (एटीसी, विमानांना रेडिओवरून वाट देणारं खातं) काढून आता सोलापुरात होटगी रोडला घर केलंय. संध्याकाळी गच्चीत बसलो की कान आपोआप विमानतळाकडे जातो. २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हापासून बायको म्हणते, तुमची ड्यूटी परत लागली.

*

प्रश्न : काका, माझी मुलगी अठरा वर्षांची आहे. एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकते. सोळा तास झालेत आणि आता कधीही पहिली सोलो होईल असं म्हणते. आत ती एकटीच आहे हे टॉवरवाल्यांना कळतं का? तिचं काही चुकलं तर ते रेडिओवर ओरडतात का? आणि दुसरी गोष्ट, त्या दिवशी मी तिला फोन करू की नको? — एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, फोनचं शेवटी सांगतो.

कळतं. पहिल्या सोलोआधी इन्स्ट्रक्टर टॉवरला कळवतो. आमच्याकडे प्रत्येक विमानाची कागदाची पट्टी असायची, तिला स्ट्रिप म्हणतात. सोलो असेल त्या पट्टीवर मी लाल पेन्सिलीनं मोठा ‘सो’ काढायचो, म्हणजे पाच विमानांच्या गर्दीतही नजर तिथं अडकायची. इंग्लंडात तर एकटा उडणारा विद्यार्थी आपल्या कॉलसाइनच्या, म्हणजे विमानाच्या रेडिओवरच्या नावाच्या, आधी ‘स्टुडंट’ हा शब्द लावतो. मला ती पद्धत फार आवडते. गाडीला मागं ‘एल’ लावतो ना आपण, तसंच.

पहिली सोलो म्हणजे एकच फेरी. उडायचं, हजार फुटांवर जायचं, धावपट्टीला समांतर मागं यायचं, दोन वळणं घेऊन उतरायचं. पाच-सहा मिनिटांचा खेळ. इन्स्ट्रक्टर खाली उभा राहून बघत असतो, आणि खरं सांगू, पोरीपेक्षा त्याच्याच पोटात जास्त गोळा आलेला असतो. एक गंमत तिला आधीच सांगून ठेवा. सेस्ना १५२ सारखं विमान सगळं मिळून जास्तीत जास्त ७५७ किलोचं. त्यातून ऐंशी किलोचा सर खाली उतरला की विमान भलतंच हलकं होतं आणि सवयीपेक्षा भराभर चढतं. हजार फूट कधी आले ते कळतच नाही, म्हणून पहिल्या सोलोत पोरं उंची ओलांडून जातात. ही चूक आम्ही चूक धरतच नाही.

ओरडणारे असतात. नसतात असं म्हणालो तर खोटं होईल. मीही एकदा ओरडलोय. पण शहाणा कंट्रोलर अशा वेळी भोवतालच रिकामं करून ठेवतो. मागून मोठं विमान येत असेल तर त्याला आधीच लांब फिरवतो. आणि फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात आलेल्या सोलोला तो नवीन काही सांगत नाही. जुलै २००६ मध्ये इंग्लंडमधल्या साउथएंडला मागून वेगवान विमान येत होतं म्हणून सोळा वर्षांच्या एका मुलाला फायनलवरून वळून बाजूला जायला सांगितलं गेलं. त्याची ती दुसरी सोलो होती. उंची कमी, वेग कमी, आणि सूचना अशी की जी त्यानं कधी करून पाहिलेली नव्हती. वळताना विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांचा हवेवरचा आधारच सुटला. मुलगा वाचला नाही. त्या अपघाताबद्दल वाचलं तेव्हा मी तीन दिवस नीट जेवलो नव्हतो, कारण तसली सूचना मी स्वतः कितीदा दिली होती, ते मलाच आठवत होतं.

*

प्रश्न : मी रेल्वेत गार्ड होतो. आमच्याकडे धोका दिसला की लाल बावटा, गाडी जागेवर थांबते. तुमच्याकडे पोरगं चुकीच्या दिशेनं येतंय हे डोळ्यांनी दिसत असताना तुम्ही नेमकं करता काय? — निवृत्त गार्ड, सोलापूर

उत्तर : गार्डसाहेब, तुम्ही दुखरी नसच दाबलीत. विमान थांबत नाही. तुमच्या गाडीचा रूळ सुटत नाही, आमच्या पोराला रूळच नसतो. आमच्याकडे बावट्याची बहीण मात्र आहे, तिला लाइट गन म्हणतात. विद्यार्थ्याचा रेडिओ बंद पडला, किंवा गडबडीत आवाजाची खुंटीच शून्यावर गेली (हे फार वेळा होतं), तर टॉवरमधून त्याच्यावर दिव्याचा झोत धरतो. स्थिर हिरवा म्हणजे उतर. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घालत राहा. लुकलुकता लाल म्हणजे इथं उतरू नकोस. त्याला दिसला की तो पंख हलवून ‘दिसला’ म्हणतो. पंख हलले की टॉवरमधली सगळी माणसं एकदम श्वास सोडतात.

पण तुमचा प्रश्न चुकीच्या दिशेचा आहे. त्याचं उत्तर मला १९९४ च्या मे महिन्यात मिळालं. गाव सांगत नाही, महाराष्ट्राबाहेरचं होतं एवढंच. माझी नोकरी चार वर्षांची. दुपारी वारा फिरला म्हणून उतरायची बाजू बदलली. पट्टी तीच, फक्त आता उलट्या टोकाकडून यायचं. एक मुलगा सोलो करून परत येत होता. त्याला नवीन बाजू सांगितली, त्यानं ती बरोबर म्हणूनही दाखवली. आणि मग सवयीनं, रोजच्यासारखा, जुन्या बाजूनंच फायनलला लागला. समोरच्या टोकाकडून दोन इंजिनांचं एक चार्टर विमान सात मैलांवर.

मी माइक दाबला आणि एका दमात बोललो. उजवीकडे वळ, दीड हजार फुटांवर चढ, पट्टीच्या उत्तरेला राहा, समोरचं विमान दिसतंय का सांग, नंतर डाउनविंडला (पट्टीला समांतर मागं येण्याच्या टप्प्यात) रिपोर्ट कर. पाच कामं. पलीकडून उत्तर आलं, “रॉजर.”

आमच्या धंद्यात रॉजरइतका फसवा शब्द नाही. त्याचा अर्थ ‘तुमचं बोलणं मिळालं’ एवढाच होतो. ‘समजलं, तसं करतो’ याला वेगळा शब्द आहे, विल्को. रॉजर म्हणजे आपल्याकडं सून ‘हो हो’ म्हणते तसं. विमान नाकासमोर सरळ येत राहिलं.

मी पुन्हा माइककडे हात नेला तर शेजारच्या सीनियरनं माझा हात धरला. आवाज न चढवता माइक आपल्याकडे घेतला आणि बोलला कुणाशी? चार्टरशी. त्याला उजवीकडे वळवून वर चढवलं. वीस सेकंदांत आकाश मोकळं. मग पोराला त्याच्या कॉलसाइननं हाक मारली आणि म्हणाला, आहेस तसाच सरळ ये, दुसरं काही करू नकोस. थांबला. मी घड्याळ बघत होतो, दहा सेकंद झाले असतील. मग, आता चढ. पुन्हा थांबला. पोरानं “चढतोय” म्हटल्यावरच उंची सांगितली. पुढच्या सगळ्या सूचना अशाच, एकेक घास. सतरा-अठरा मिनिटांनी ते पोरगं उतरलं, आणि चांगलं उतरलं.

मी चिडून विचारलं, चूक याची असताना चार्टरला का हलवलं? सीनियर म्हणाला, “ज्याला हलता येतं त्याला हलवायचं. ज्याची चूक आहे त्याला हलवायला जाशील तर तो आणखी एक चूक करील.” त्या विमानात दोन अनुभवी वैमानिक होते. त्यांना वळायला सांगणं म्हणजे तुमच्या भाषेत गाडी बाजूच्या लूप लाइनला घेणं. पोराच्या डोक्यात मात्र तेव्हा एकच खोली होती आणि ती मी सामानानं भरून टाकली होती.

टॉवरमधलं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. संध्याकाळी सीनियरनं मला माझंच वाक्य ऐकवलं. अकरा सेकंदांचं होतं. तोवर तो मुलगा जिन्याखाली येऊन उभा राहिला होता, चेहरा पांढराफटक. त्याला वर बोलावून चहा दिला. मी विचारलं, माझं काय ऐकू आलं तुला? म्हणाला, “सर, तुमचं बोलणं संपायची वाट बघत होतो.”

रिपोर्ट गेला. त्यात दोघांच्या चुका लिहिल्या होत्या, त्याची एक आणि माझी एक.

*

प्रश्न : टेंभुर्णीजवळ आमचं रान आहे. गेल्या उन्हाळ्यात एक लहान विमान उजनीच्या पाण्यावर दोन-तीन घिरट्या घालून गेलं. वाट चुकलं होतं का? — एक शेतकरी वाचक

उत्तर : त्या विमानाचं मला कसं कळणार, मालक! सराव असेल, फोटोवाले असतील. पण वाट चुकतात हे खरं. व्यावसायिक परवान्याला दोनशे तास लागतात. त्यांतले निदान शंभर स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची जबाबदारी आपल्यावर घेऊन, काढायचे आणि वीस तास गावोगाव उडायचं. त्यात एक फेरी तीनशे नॉटिकल मैलांची, म्हणजे साडेपाचशे किलोमीटर, वाटेत दोन परक्या धावपट्ट्यांवर उतरून. हे सगळं एकट्यानं. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला वरून सगळा मराठवाडा आणि सगळा सोलापूर जिल्हा सारखाच दिसतो. ऊस, ज्वारीची रिकामी रानं, पत्र्याचे वाडे.

उजनीचा मात्र एक किस्सा आमच्यात फिरायचा, एका सहकाऱ्यानं सांगितलेला. एक विद्यार्थी हरवला. कंट्रोलरनं विचारलं, मोठं पाणी दिसतंय का? नाही म्हणाला. वास्तविक तो धरणाच्या अगदी जवळ होता. पण मे महिना, धरण तळाला गेलेलं. नकाशात निळं पसरलेलं बॅकवॉटर, आणि खाली बघावं तर भेगाळलेला गाळ आणि मधून एक मळकट रेघ. नकाशा काढणाऱ्यानं भरलेलं धरण काढलं होतं. दुष्काळी मुलखातली ही अडचण पुस्तकात नसते. शेवटी कंट्रोलरनं पाण्याचा नाद सोडला आणि रूळ धरले. रेल्वे लाइन दिसते का, कुठल्या हाताला, सूर्य कुठं आहे? रूळ उन्हाळ्यात आटत नाहीत.

हरवलेल्याकडून पहिली गोष्ट काय हवी असते माहितेय? कबुली. “मी हरवलोय” हे दोन शब्दांचं वाक्य बोलायला पोरं पंधरा-पंधरा मिनिटं लावतात आणि तेवढ्यात आणखी तीस मैल भलतीकडे जातात. बोलला की आम्ही चढायला सांगतो. उंचावरून लांबचं दिसतं, रेडिओ लांब पोचतो, रडारलाही सापडतो. मग इंधन किती, ते लिटरमध्ये नाही, तास-मिनिटांत. कुठलीच फ्रिक्वेन्सी लागत नसेल तर १२१.५ आहेच, संकटाची. तिथं कुणी ना कुणी ऐकत असतं, वरून जाणाऱ्या मोठ्या विमानातलेसुद्धा.

*

प्रश्न : मी बी.एस्सी. फिजिक्सला आहे आणि मला एटीसीत जायचंय. (१) विद्यार्थी वैमानिक सगळ्यात जास्त कोणत्या चुका करतात? (२) चुकलेल्याला शिक्षा होते का? (३) संकटात असलेल्या विद्यार्थ्याला कंट्रोलर विमान कसं उडवायचं ते सांगतो का? — अक्कलकोट

उत्तर : फिजिक्स आहे, गणितही ठेव.

चुका बहुतेक कानाच्या असतात. डावं-उजवं. धावपट्टीच्या नंबरात नवाच्या जागी सत्तावीस, कारण मुंबईची तीच मुख्य पट्टी एका टोकाकडून शून्य-नऊ आणि दुसऱ्या टोकाकडून दोन-सात असते. दुसऱ्याच्या कॉलसाइनला आलेली परवानगी स्वतःची समजणं. आणि जमिनीवर होल्डिंग पॉइंट, म्हणजे धावपट्टीआधी थांबायची जागा, ओलांडणं. तिथं पिवळ्या चार रेघा असतात, टॅक्सीवेकडून दोन अखंड आणि पुढं दोन तुटक. अखंड रेघ आपल्या बाजूला असेल तर परवानगीशिवाय चाक पुढं जाता कामा नये. म्हणून रीडबॅक. आपण सांगितलेलं तो पुन्हा म्हणून दाखवतो. पण आपल्या सोलापुरात हे कुणाला नवीन आहे? यंत्रमागाच्या कारखान्यात मालक तेलुगूत, मुकादम मराठीत, गिऱ्हाईक कानडीत. चादरींची ऑर्डर दोनदा म्हणून घेतल्याशिवाय माग सुरू होत नाही. फरक असा, की त्यानं चुकीचं म्हणून दाखवलं आणि तुझ्या कानांनी ते बरोबरच ऐकलं, तर ती चूक तुझी. माणूस अपेक्षित तेच ऐकतो. यावर मी आजही माझ्या बायकोशी भांडतो.

विद्यार्थीच वेंधळे असतात असं मात्र समजू नकोस. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८, चांगलं चार इंजिनांचं जेट, मुंबईत सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून जुहूच्या छोट्या पट्टीवर उतरलं आणि पट्टी संपवून पुढं गेलं. विमान मोडलं, माणसं वाचली. ज्या जुहूवर १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल आणलं तेच हे जुहू. अनुभवी वैमानिकाला दिसलेली पट्टी हवी असलेलीच वाटू शकते, तर विसाव्या तासाच्या पोराचं काय!

शिक्षेचं. धावपट्टीवर घुसखोरी झाली तर ती कळवावीच लागते, माफ करणं कंट्रोलरच्या हातात नसतं. पुढं चौकशी होते, इन्स्ट्रक्टर सोबत बसून पुन्हा तपासतो, तोवर सोलो बंद. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. एका पोराच्या वडिलांनी मला फोन करून विचारलं होतं, “साहेब, एफआयआरमध्ये नाव आलंय म्हणे?” आमच्याकडे एफआयआर म्हणजे फ्लाइट इन्फर्मेशन रीजन, हवाई हद्द. भारतात मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई अशा चार आहेत. पोरानं घरी सांगितलं होतं की मुंबई एफआयआरमध्ये उडत होतो, आणि घरात वकील शोधायला सुरुवात झाली होती.

तिसऱ्याचं उत्तर : नाही. हे नीट लक्षात ठेव, कारण मोह फार होतो. मी वैमानिक नाही. कोणता दांडा किती ओढायचा हे मी सांगू नये. मी त्याला मोकळी जागा देतो, वारा सांगतो, आगीचा बंब उभा करतो आणि त्याच्या इन्स्ट्रक्टरला रेडिओवर आणतो. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत मॅसेच्युसेट्सच्या बेव्हर्लीला सतरा वर्षांची मुलगी पहिल्या सोलोला उडाली आणि उडताना एका बाजूचं चाकच गळून पडलं. तिला धीर दिला तो ओळखीच्या आवाजानं, तिच्याच सरांच्या. ती सुखरूप उतरली. आपल्या मास्तरचा आवाज कानावर पडला की हात आपोआप शिकल्यासारखे चालतात. परक्या माणसाचा कितीही गोड आवाज ते करू शकत नाही.

*

प्रश्न : हे सगळं मराठीत का नाही? — शिक्षक, पंढरपूर

उत्तर : फ्रिक्वेन्सी सगळ्यांची एक असते, सर. मी एकाला बोलतो ते दहा जण ऐकतात, आणि त्यावरून कोण कुठं आहे याचं चित्र प्रत्येक जण डोक्यात काढतो. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली. कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली आलं होतं. इंग्रजी किती समजत होतं, हा प्रश्न चौकशीत निघाला. त्यानंतर भाषेची परीक्षा कडक झाली ते बरंच झालं.

तरी एक गुन्हा कबूल करतो. एक मराठी मुलगा होल्डिंग पॉइंटच्या रेघेवरून पुढं सरकत होता. “होल्ड पोझिशन” दोनदा म्हटलं, चाक फिरतंच आहे. तोंडातून निघून गेलं, “थांब रे!” त्यानं असा ब्रेक दाबला की विमानाचं नाक खाली झुकलं. त्याबद्दल मला लेखी समज मिळाली आणि ती योग्यच होती.

*

आता ताई, तुमचा फोन. सकाळी करू नका. “नीट जा” म्हणालात तरी तिच्या डोक्यातली एक खोली तुम्ही अडवणार. जेवणानंतर करा, तोवर झालं असेल किंवा वाऱ्यामुळं पुढं ढकललं असेल. ढकललं असेल तर कारण विचारू नका. आणि पुढच्या खेपेला डबा पाठवाल तेव्हा शेंगाचटणीसोबत बॅगेत कोरड्या कपड्यांचा एक जादा जोड टाका. पहिली सोलो करून उतरलेल्याच्या डोक्यावर बाकीची पोरं बादल्या ओततात. कुठलं पाणी ते बघत नाहीत.